जिप्सी-जीपचं स्टिअरिंग थरथरतंय? नवा डॅम्पर घेण्याआधी हे तपासा

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला आलं की रस्ता सपाट होतो आणि पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. माझ्या जुन्या जिप्सीनं मला पहिल्यांदा घाबरवलं ते तिथंच. वेग साठच्या आसपास होता. डाव्या चाकाखाली डांबराचं एक उंचवट्याचं ठिगळ आलं, धक्का बसला, आणि पुढच्याच क्षणी स्टिअरिंग हातातून सुटेल इतक्या जोरात डावं-उजवं मारायला लागलं. समोरचं बॉनेट थडथडत होतं. मागे आई बसली होती, तिनं दोन्ही हातांनी सीटची दांडी धरली. वेग तिसाच्या खाली आला तेव्हा कुठे ते थांबलं. गाडी कडेला घेऊन उतरलो तर माझेच पाय लटपटत होते.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये सांगितलं, "स्टिअरिंग डॅम्पर गेलाय." डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे झटके जिरवणारा छोटा शॉक ॲब्सॉर्बर. नवा बसवला, थरथर गायब. चार महिने मी निर्धास्त होतो. पाचव्या महिन्यात ती परत आली आणि पहिल्यापेक्षा जोरात आली. मग मात्र अंगणात गाडी उचलून एकेक जोड स्वतः तपासला. डाव्या चाकाच्या खालच्या किंगपिनचं (चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळतं ती) बेअरिंग गंजलेलं निघालं, त्याच बाजूचा टायरॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक) खिळखिळा निघाला. चार महिने तो नवा डॅम्पर हे सगळं झाकून बसला होता आणि मी आईला घेऊन घाट चढत-उतरत होतो. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

मुळात होतं काय? जिप्सी असो की विलीज घराण्यातली जुनी महिंद्रा जीप, पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असतात आणि तो ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टेकलेला असतो. एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल कलतो. फिरता भोवरा बोटानं कलवायला गेलात तर तो बोटाच्या दिशेनं न जाता आडवा सरकतो, तसंच फिरतं चाक कललं की ते वळायला बघतं. सांधे घट्ट असतील तर ही ओढ तिथल्या तिथे जिरते. सांध्यांत सैलपणा असेल तर चाक वळतं, परत फिरतं, पलीकडे जास्त वळतं, आणि हा झोका स्वतःच स्वतःला ढकलत राहतो. रस्त्यावरचा धक्का फक्त निमित्त असतो. आणि सैलपणा बहुतेक वेळा एका जागी नसतो. चार सांध्यांत थोडा थोडा असतो आणि त्याची बेरीज चाकापाशी येते. एकच पार्ट बदलून मोकळं व्हायची घाई नडते ती यामुळे.

आधी थरथर कोणती ते ओळखा

प्रत्येक थरथर ही नाही. एका ठराविक वेगाला, बहुतेक सत्तर ते नव्वदमध्ये, स्टिअरिंगमध्ये बारीक मुंग्या येतात आणि वेग वाढवला की कमी होतात, तर चाकाचा बॅलन्स बिघडलाय. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क किंवा ड्रम वाकडा झालाय. वीस-तीसच्या वेगाला गाडी बदकासारखी डुलत असेल तर टायरच्या आतले थर सुटलेत, असा टायर लगेच काढा, कारण तो फुटू शकतो. गाडी सरळ न जाता इकडेतिकडे भटकते पण थरथरत नाही, तर स्टिअरिंग बॉक्स किंवा चाकांचे कोन बघायचे. खड्डा, पुलाचा जोड किंवा ठिगळ लागल्यावर अचानक सुरू होते आणि वेग उतरवल्याशिवाय थांबतच नाही, ती खरी वॉबल. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

चालत्या गाडीत ती सुरू झाली तर अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या बाहेर ठेवा, आत अडकले तर मोडतील. चाक घट्ट धरा, पण त्याच्याशी झुंजू नका. ॲक्सिलरेटर सोडा, मागचं वाहन बघा, ब्रेक हलकेच दाबत वेग उतरवा. जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं आणि थरथर वाढू शकते. आणि कृपा करून "बघू पुन्हा होतं का" म्हणून त्याच ठिगळावरून मुद्दाम गाडी नेऊ नका. खरी तपासणी उभ्या गाडीवरच होते.

पहिलं काम: चाकं आणि टायर

खर्च नाही आणि बरेचदा निम्मं उत्तर इथंच मिळतं. सकाळी टायर थंड असताना दोन्ही पुढच्या चाकांची हवा मोजा, दोन्हीकडे सारखीच हवी. मग तळहात टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. हाताला वाट्या-वाट्या लागल्या किंवा एका दिशेनं करवतीसारखे दाते लागले तर सांधे सैल आहेत किंवा टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूनं किंचित आत वळलेली असणं) चुकलाय. कडेला फुगा दिसला तर तो टायर बाद.

मग रिमच्या आतल्या बाजूला बघा. आपल्याकडे हे फार होतं. सत्तरी तालुक्यातल्या मातीच्या वाटेनं पावसात गाडी नेली की तांबडी माती रिमच्या आत चिकटते आणि दोन दिवसांत चिऱ्यासारखी घट्ट होते. माझ्या उजव्या रिममधून मी स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढलेला खापा मुठीएवढा होता. बॅलन्सिंगचं शिसं ग्रॅममध्ये मोजतात, त्यापुढे हे किती झालं बघा. चाकं आतून धुतल्याशिवाय बॅलन्सिंगला नेऊ नका, पैसे वाया जातात.

चाक उचलून फिरवा, रिमच्या कडेजवळ एखादी काडी स्थिर धरा. काडी आणि रिममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकडी आहे. नट काढून भोकं बघा, गोल असायला हवीत, लांबट झाली असतील तर चाक ढिल्या नटांवर चाललंय. शेवटी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून तोच रस्ता बेतानं चालवा. थरथरीचा स्वभाव बदलला तर टायर-रिमचा वाटा आहे हे नक्की. काहीच बदललं नाही तर ॲक्सलकडे वळा. बाजारातले रुंद, जड टायर किंवा स्पेसर लावले असतील तर तेही ध्यानात ठेवा. ते सैलपणा निर्माण करत नाहीत, पण असलेला सैलपणा कित्येक पटींनी जाणवून देतात.

दुसरं काम: चाकं जमिनीवर, एक माणूस स्टिअरिंगवर, एक खाली

याला दोन माणसं लागतात, एकट्यानं होत नाही. इंजिन बंद, चाकं सरळ, वजन जमिनीवर. वरच्यानं स्टिअरिंग थोडंसंच, चाक वळू लागेल न लागेल इतपतच, डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. जोरात वळवलं तर काही कळत नाही. माझा पुतण्या वर बसला होता, मी दर मिनिटाला खालून ओरडत होतो, "अरे हळू, हळू!"

खालच्यानं डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवायचा. प्रत्येक सांध्यावर मूठ अशी धरा की सांध्याचे दोन्ही भाग एकाच वेळी बोटांना लागतील. एक भाग हलला आणि दुसरा क्षणभर उशिरा हलला, तर तिथे प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. वरून सुरुवात करा: स्टिअरिंग कॉलमचा रबरी जोड, मग बॉक्स चॅसिसला धरणारे बोल्ट. बॉक्सच हलत असेल तर बोल्टभोवतीचा गंज खरवडून चॅसिसला चीर गेलीय का बघा. नंतर बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म, त्यापासून चाकांकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टायरॉडची दोन्ही टोकं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर चांगला पार्ट फेकाल. टायरॉड हातानं स्वतःभोवती थोडा गोल फिरतो. तो दोष नाही, बॉल जॉइंट तसाच असतो. दोष असतो तो टोकाचा गोळा त्याच्या खोबणीत वर-खाली किंवा आडवा सरकण्यात. अंगठ्यानं जाणवतं, कधीकधी "टक" असा बारीक आवाजही येतो. रबरी टोपी फाटलेली असेल तर आतलं ग्रीस धुतलं गेलंय असंच समजा. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, फाटकी टोपी एक पावसाळासुद्धा काढत नाही.

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये मधोमध बेल क्रँक नावाचा एक आडवा तुकडा असतो आणि त्यातून दोन्ही बाजूंना टायरॉड जातात. त्याची पिन आणि बुश झिजतात, आणि तिथला थोडासा प्ले चाकापाशी बराच मोठा होऊन निघतो. अशी गाडी असेल तर बेल क्रँक आधी बघा.

स्टिअरिंग व्हीलच्या कडेला मोकळी हालचाल किती, तेही पट्टीनं मोजून लिहा. जिप्सीला 10 ते 30 मिलिमीटर चालते.

तिसरं काम: चाक उचलून

आता गाडी उचला. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, जॅक ॲक्सलखाली, आणि काम सुरू करण्याआधी ॲक्सलखाली लोखंडी स्टँड. अंगणात चिरे पडलेले असतात आणि हात त्यांच्याकडेच जातो, म्हणून बजावून सांगतो: चिऱ्यावर गाडी टेकवू नका. जांभा दगड एका जागी भार आला की भुगा होतो, आणि आधी सांगून होत नाही. स्टँड नसेल तर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचा.

चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खटका लागला तर दोष व्हील बेअरिंगचा किंवा किंगपिनचा. कोणाचा ते असं कळतं: कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटका गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, कारण ब्रेकनं हब आणि नकल (किंगपिनभोवती वळणारा, चाक धरणारा भाग) एकत्र बांधले गेले. खटका तसाच राहिला तर किंगपिन.

आमच्या वेळी पुतण्यानं ब्रेक दाबला, मी हलवलं. "काका, गेला का?" "नाही रे, आहे तसाच आहे." तेव्हाच कळलं की चार महिन्यांपूर्वी दोन मिनिटं कुणी हे केलं असतं तर घाटातली ती वेळ आली नसती.

मग चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. खटका फक्त याच दिशेनं असेल तर बहुतेक टायरॉड एंड. दोन्ही दिशांनी असेल तर बेअरिंग आधी बघा.

व्हील बेअरिंग घट्ट करणं हातचं काम आहे, पण अंदाजानं आवळू नका. हब फिरवत ठेवून आतला नट चांगला घट्ट करायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग पूर्ण सैल करायचा, मग हलक्या हातानं पुन्हा आवळायचा. चाक सहज फिरलं पाहिजे आणि वर-खाली खटका नको. मग लॉक वायसर आणि वरचा नट. वरचा नट आवळताना आतला थोडा फिरतो, म्हणून शेवटी पुन्हा हलवून बघा.

किंगपिन: जिथे बहुतेक जण थांबतात

खटका नाही म्हणजे किंगपिन ठीक, असं नाही. या गाड्यांत किंगपिनला वर-खाली टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांच्यावर थोडा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. तो दाबच नकलला झोके घेऊ देत नाही. झीज होऊन दाब गेला की खटका न लागताही वॉबल येते. टायर झाले, टायरॉड झाले, डॅम्परसुद्धा झाला, तरी थरथर जात नाही अशा बहुतेक गाड्यांचं उत्तर मला इथं सापडलंय.

तपासायला टायरॉडचं टोक नकलपासून सोडवा. स्प्लिट पिन काढून नट सैल करा आणि ज्या डोळ्यात टोक बसलंय त्या डोळ्याच्या कडेवर हातोड्याचा ठोका द्या. आट्यांवर ठोकू नका. टोक मोकळं झालं की नकल हातानं या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश फिरवा. हालचाल जड आणि एकसारखी हवी. भुताच्या दारासारखा नकल आपोआप झुलत असेल तर दाब उरलेला नाही. नेमक्या सरळ स्थितीत एखादी गाठ, अडखळ लागली तर रोलरनी रेसमध्ये (रोलर ज्या कड्यावर फिरतात त्यात) खोबणी पाडल्यात. गाडी सर्वात जास्त वेळ सरळच चालते, म्हणून झीज तिथंच होते. अशा बेअरिंगला शिमनं (टोपीखाली घालायच्या पातळ पत्र्याच्या चकतीनं) काही होत नाही, ती रेससकट बदलावी लागतात.

मोजून बघायचं असेल तर हुकाचा स्प्रिंगकाटा टायरॉडच्या भोकात अडकवून आर्मला काटकोनात ओढा आणि नकल हलायला लागतो त्या क्षणाचं वजन वाचा. मागचं गोल ग्रीस सील मोकळं केलेलं असताना जिप्सीच्या नकलला हे 1 ते 1.8 किलो यावं. कमी आलं तर किंगपिनच्या टोपीखालची शिम कमी करून दाब वाढवतात. वरच्या आणि खालच्या शिमा वेगवेगळ्या कागदात ठेवा आणि कुठून किती काढली ते लिहून ठेवा.

माझ्या गाडीची डावी खालची टोपी काढली तेव्हा आतून ग्रीस आलंच नाही. दुधाळ चहासारखं पाणी आलं, त्यामागून गंजाचा चुरा. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नकलच्या मागचं सील एका जागी कडक होऊन उचललं गेलं होतं, आणि त्या पावसाळ्यात मी कुळ्याजवळच्या ओहोळांतून आणि चोडणच्या फेरीच्या ओल्या उतारावरून गाडी कितीदा तरी नेली होती. तापलेला नकल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. फेरीचं पाणी खारं असतं, ते तर बेअरिंग लवकर खातं. म्हणून किंगपिन उघडली की सील नवंच टाका, जुनं कितीही चांगलं दिसलं तरी.

पाटे, शॅकल आणि कॅस्टर

गाडी पुन्हा जमिनीवर घ्या. पाट्याच्या डोळ्यापाशी पहार लावून हलकेच उचका. रबरी बुश थोडा दबला तर ठीक, पिन डोळ्यात आपटली तर बुश गेला. ॲक्सल पाट्याला बांधणारे यू-बोल्ट पान्यानं तपासा. ॲक्सल दोन्ही पाट्यांच्या मधोमध बसलाय का बघा. एकीकडे मागे-पुढे सरकला असेल तर सेंटर बोल्ट तुटलाय. किनारपट्टीच्या गाड्यांत शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चॅसिसला जोडलेत तिथे जुन्या स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. रंगाखाली पत्रा मऊ लागला तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. जिप्सीला तो साधारण साडेतीन अंश असतो. पाटे बसले, किंवा गाडी उंच करायला लांब शॅकल लावले, की तो बदलतो. या गाड्यांत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि किंगपिनचा माथा पुढे झुकतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. गाडी उंच करून आणल्यापासूनच वॉबल लागली असेल तर संशय इथे घ्या. पाटा आणि ॲक्सलमध्ये पोलादी पाचर घालून कोन सुधारता येतो, पण उत्साहात जास्त देऊ नका. कॅस्टर फार वाढला तरी थरथर वाढते, आणि प्रोपेलर शाफ्टचा कोनही बिघडतो.

टो-इन, बॉक्स, आणि मग डॅम्पर

सगळे सैल सांधे बदलल्यावरच टो-इन बघायचा, आधी बघून उपयोग नाही. अंगणात करता येतो. दोन्ही टायरच्या मधोमध, मागच्या बाजूनं, ॲक्सलच्या उंचीवर खडूनं खूण करा आणि खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. गाडी पुढे ढकला, खुणा अर्धा फेरा घेऊन पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतील. पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा जिप्सीला 2 ते 6 मिलिमीटर कमी हवं. विलीज घराण्याला हा फरक त्याहून लहान, एक ते अडीच मिलिमीटरच्या आसपास. गाडी मागे ढकलून मोजू नका, सांधे उलट्या बाजूला ओढले जातात आणि आकडा खोटा येतो.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो अगदी शेवटी, चाकं सरळ ठेवून, पाव फेऱ्यापेक्षा कमी. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल तर जास्त आवळलंय, लगेच सैल करा.

आता डॅम्पर. दोन्ही टोकं सोडवून हातात घ्या, ओढा, दाबा. दोन्हीकडे एकसारखा विरोध हवा, मध्ये मोकळी जागा नको, दांड्यावर तेल नको. खराब असेल तर नक्की बदला. पण बाकीचं सगळं घट्ट असलेली गाडी डॅम्पर काढून गावातल्या रस्त्यावर, कमी वेगात, स्थिर चालायला हवी. नाही चालली तर कुठलातरी सांधा अजून हाती लागलेला नाही.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं, काय फरक पडला ते लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही. चाचणीला सुरुवातीला मोकळा, सरळ, ओळखीचा रस्ता घ्या आणि वेग दहा-दहानं वाढवा. घाट सर्वात शेवटी. शंभरेक किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि टायरॉडचे नट पुन्हा एकदा पान्याखालून काढा, नव्या पार्टचा रंग आणि गंज बसला की ते थोडे सैल होतात.

मी आता वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या आसपास, पुढची चाकं उचलून वर-खाली हलवून बघतो, ग्रीस गन निप्पलना लावून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारतो, आणि नकलच्या मागच्या सीलवर बोट फिरवतो. बोटाला कोरडं, स्वच्छ ग्रीस लागलं तर पुढच्या सहा महिन्यांची चिंता नाही. बोटाला चहाच्या रंगाचं पाणी लागलं तर त्याच दिवशी टोपी उघडतो.